तीन कोपरे आणि अर्धवट उघडं दार

पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाईंनी चाळिशी ओलांडली आहे. शिक्षण चित्रकलेचं, पुढे बारा वर्षं फक्त तेलरंग. मग एका शिबिरात माती हाती आली आणि त्या शिल्पाकडे वळल्या. दोन वर्षांपूर्वी जुना लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, विकत घेतला, तेव्हापासून लाकूड कातण्याचं वेड लागलं आहे. एकाच खोलीत आता तीन कोपरे झाले आहेत. अकरा कॅनव्हास अर्धवट, मातीची चार डोकी अर्धवट, कातलेले वाडगे मात्र तीसेक पूर्ण. चित्रांत बहुतेक वेळा अर्धवट उघडं दार आणि आतला अंधार असतो. डोकी मागून उघडी आणि पोकळ आहेत. वाडगे बाहेरून साधे, आत काळे रंगवलेले. 'या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही,' असं त्या म्हणतात. एका कलादालनाच्या चालकांनी काम पाहून सांगितलं, 'तुमची ओळख कोणती ते आधी ठरवा.' ज्यांच्याकडे त्या कातकाम शिकल्या, त्या कातारी उस्तादांना चांगल्या लाकडाला रंग फासलेला सोसत नाही. नणंदबाईंनी एका वाक्यात निकाल लावला: एक ना धड, भाराभर चिंध्या. नुकताच कुणीतरी ताज्या तोडलेल्या झाडाचा मोठा ओंडका आणून दिला आहे. निर्णय होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. प्रश्न असा: तिन्हींतलं एकच निवडायचं तर कोणतं? लेथवर सगळ्यात जास्त आनंद मिळतो, मग तोच का?

नमस्कार,

नणंदबाईंपासून सुरुवात करते, कारण पत्रात सगळ्यात जास्त बोचलेलं वाक्य त्यांचंच दिसतंय. चिंध्यांचीच तर गोधडी होते, असं गोड उत्तर मला देता आलं असतं. देणार नाही. गोधडी आपोआप होत नाही, कुणीतरी बसून टाके घालावे लागतात. आणि तुमच्या खोलीत सध्या चिंध्या जास्त, टाके कमी आहेत. पण ती म्हण जरा नीट ऐका. 'भाराभर' हा तिचा नंतरचा शब्द. आधी ती 'एक ना धड' म्हणते. तुम्ही मात्र पत्रभर आकड्याचीच काळजी केलीत. तीन का, एक का नाही? अकरा कॅनव्हास आणि चार डोकी अर्धवट आहेत, हे ओघात सांगून पुढे गेलात. मी तिथेच अडकले.

तीन माध्यमांची मला फारशी काळजी वाटत नाही. एका कोपऱ्यातून उठून तुम्ही दुसऱ्यात नेमक्या कोणत्या क्षणी जाता, हे मला कळायला हवं होतं, आणि तेवढंच पत्रात नाही. उठण्याचे दोन प्रकार असतात. रंगाचा थर ओला आहे, तो वाळेपर्यंत हात रिकामे, म्हणून उठणं. आणि पुढे काय करायचं ते सुचत नाही, समोरचं काम आपल्याकडे रोखून बघतंय, ती नजर चुकवायला उठणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आपल्याला स्वतःलाही बऱ्याचदा फरक कळत नाही. म्हणून एक कंटाळवाणं काम सांगते. अकराही कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा: काम कधी थांबलं, कशावर थांबलं. आठवत नसेल तर 'आठवत नाही' लिहा. ज्या कॅनव्हासवर 'आठवत नाही' आलं, तो बहुधा खरंच सोडून देण्यासारखा असेल. जिथे कारण लगेच आठवलं, किंबहुना आठवून थोडा राग आला, तो बाजूला काढा.

आता लेथवरच्या आनंदाबद्दल. जिथे आनंद, तिथे आपलं माध्यम, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला हे समीकरण जरा तपासावंसं वाटतं, कारण लेथ भलताच उदार असतो. लाकूड फिरतं, पटाशी टेकली की ढलप्या उडतात, आणि आकार काही झालं तरी गोलच येतो. चूकसुद्धा गोलच होते. दोन मिलिमीटर जास्त गेलं तर वाडगा थोडा लहान होतो, पण राहतो वाडगाच. वर पॉलिश पेपर आणि तेल लागलं की झाडाने वर्षानुवर्षं आत आखून ठेवलेल्या रेषा उजळून येतात. संध्याकाळी हातात एक पुरी झालेली, देखणी वस्तू. मी कातलेला पहिला वाडगा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. आज तो पाहिला की कळतं, त्यात जे काही चांगलं आहे ते झाडाचं आहे. कॅनव्हासवर असं अर्धं काम कुणी आधी करून ठेवलेलं नसतं.

म्हणजे लेथवरचा आनंद खोटा, असं म्हणत नाही. पण त्यातला किती आनंद कातण्याचा आणि किती काहीतरी पुरं झाल्याचा, हे वेगळं करून बघा. मातीत चुकलं तर पुन्हा भर घालता येते. तेलरंगात थरावर थर देता येतात, खरवडता येतं, सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करता येतं. गेलेलं लाकूड मात्र परत येत नाही. वाडग्याची कड एकदा पातळ झाली की पातळच. तुमचे तीस वाडगे पुरे झाले आणि अकरा चित्रं राहिली, त्यामागे मला आवडीपेक्षा हेच कारण जास्त वाटतं: लेथवर शेवट यंत्र आणि लाकूड मिळून ठरवतात, कॅनव्हाससमोर तो तुम्हालाच ठरवावा लागतो. तसं असेल तर लेथची ही शिस्त चित्राकडे नेऊन बघा. बाजूला काढलेल्या त्या कॅनव्हासला आधीच सांगा, आणखी सहा बैठका, त्यापुढे नाही. सहाव्या बैठकीला ते जसं असेल तसं पुरं. वाईट होईल कदाचित. वाईट पण पुरं झालेलं एक चित्र अर्ध्या राहिलेल्या पाच चांगल्या चित्रांपेक्षा जास्त शिकवतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

'तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही' हे वाक्य मी तीनदा वाचलं. उघडं दार आणि आतला अंधार, पोकळ डोकं, आत काळा वाडगा. बाई, तुम्ही स्वतःच्या हाताने हे सगळं एका परिच्छेदात लिहिलंय! आपल्या भाषेत एकाच चेहऱ्याला रेखीव, कोरीव आणि कातीव असे तिन्ही शब्द लागतात. एक शब्द चित्रकाराकडचा, एक मूर्तिकाराकडचा, एक कातारी मंडळींकडचा. तिन्ही एकाच नाकाबद्दल बोलले म्हणून कुणी गोंधळत नाही.

तरीही लगेच हुरळून जाऊ नका, कारण इथे एक खोच आहे. मातीचं डोकं पोकळ करावंच लागतं. भरीव, जाड माती भट्टीत गेली की आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि काम फुटतं, म्हणून भिंत एक-दीड सेंटिमीटरची ठेवतात. वाडगा तर पोकळ असल्याशिवाय वाडगाच नाही. म्हणजे दोन ठिकाणी पोकळी तंत्राने तुमच्यावर लादली आहे, तिच्यावरून तुमच्याबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. चित्रात मात्र ते दार उघडं ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. बारा वर्षं तेलरंग करताना, माती आणि लाकूड आयुष्यात येण्याआधीही तिथे दारं होती का? होती असतील, तर धागा तिथून निघतो. डोकी मागून बंद करता आली असती, तुम्ही ती उघडी ठेवलीत. वाडग्याच्या आतलं लाकूड तसंच ठेवता आलं असतं, तुम्ही ते काळं केलंत. मग हे दोन्ही निर्णय त्या दारातून आलेले असू शकतात. मी ओढूनताणून जोडत असेन, हेही शक्य आहे. जुनी कामं काढून तुम्हीच तपासा. पंचवीस-तीस कामांचे फोटो कृष्णधवल करून एकाच मापात शेजारी शेजारी लावा. रंग आणि पोत गेला की वारंवार काय येतंय ते लवकर दिसतं. अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही मी हे आधी करायला सांगेन. आणि काहीच समान सापडलं नाही, तर तेही कळलेलं बरं.

दालनाच्या चालकांवर रागावू नका. त्यांना दारात उभ्या असलेल्या माणसाला एका वाक्यात तुमचं काम सांगायचं असतं. ती त्यांच्या धंद्याची खरी अडचण आहे, तुमच्या कामाचं मूल्यमापन नव्हे. पुढच्या वेळी तिन्ही कोपरे घेऊन जाऊ नका. दहा-बारा कामं न्या, सगळी त्या दाराच्या कुळातली, मग त्यात सहा चित्रं, दोन डोकी आणि चार वाडगे असले तरी चालतील. ओळख विषयाचीही असू शकते, साहित्य एकच असायला हवं असं नाही.

आणि सगळंच दाखवायला हवं असं तरी कुठे आहे? एदगार दगा या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण मला नेहमी आठवतं. चौदा वर्षांच्या नर्तकीचं मेणाचं शिल्प त्याने १८८१ मध्ये प्रदर्शनात मांडलं, खऱ्या कापडाचा झगा आणि केस लावून. त्यानंतर हयातीत एकही शिल्प लोकांपुढे आणलं नाही. १९१७ मध्ये तो गेला तेव्हा स्टुडिओत मेणाची आणि मातीची सुमारे दीडशे कामं निघाली, काही मोडकळीला आलेली. घोडे, नर्तकी, अंघोळ करणाऱ्या बायका, म्हणजे त्याच्या चित्रांतलंच जग. दगा चित्रकार की शिल्पकार, हा प्रश्न दालनांना पडला नाही, कारण त्याने तो त्यांच्यापुढे ठेवलाच नाही. इटालियन चित्रकार मोदिल्यानीची गोष्ट उलटी. काही वर्षं तो दगडातली लांबुळकी डोकी घडवण्यात बुडाला होता. १९१२ मध्ये ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागलीही. पुढे शिल्प सुटलं. अशक्त फुफ्फुसांना दगडाची धूळ झेपेना, असं सांगतात. पण नंतरच्या चित्रांतल्या त्या लांब माना आणि रिकामे बदामी डोळे पाहा, दगड तिथे आहेच. माध्यम सोडलं तरी त्यात घालवलेली वर्षं वाया जात नाहीत, एवढंच मला त्यातून घ्यावंसं वाटतं. तुम्ही उद्या लेथ विकलात तरी तुमच्या चित्रातल्या कडा आता पूर्वीसारख्या येणार नाहीत.

उस्तादांचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, त्यावर थोडं सविस्तर लिहिते. चांगल्या लाकडाला रंग लावू नये, हे मत जगभरच्या कातारी लोकांत आहे आणि त्यामागे निव्वळ हट्ट नाही. लाकडाच्या रेषा झाकून टाकायच्या असतील तर ते लाकूड घेतलंच कशाला, असा तो सवाल आहे. त्याला उत्तर हवं. 'मला आवडतं' हे उत्तर पुरणार नाही.

स्विस कलावंत सोफी टॉयबर-आर्प यांचं काम शोधून बघा. झुरिकच्या कलाशाळेत त्या १९१६ ते १९२९ कापडावरच्या कलाकामाचा वर्ग घेत. त्याच काळात चित्रं, विणकाम, नृत्य, आणि १९१८ मध्ये एका नाटकासाठी कातलेल्या लाकडी तुकड्यांच्या कळसूत्री बाहुल्या. १९१८ ते १९२० दरम्यानची त्यांची 'दादा डोकी' (दादा ही त्या काळातली बंडखोर कलाचळवळ) तुमच्या खोलीतल्या तिन्ही कोपऱ्यांच्या मधोमध ठेवता येतील. लेथवर कातलेलं अंड्यासारखं डोकं, खाली कातलेली मान, टोपी ठेवायच्या खुंट्याची आठवण यावी असं. वर रंगाचे सपाट पट्टे. त्या रंगाने नाक आणि डोळे कुठे ते ठरतं, आणि लेथने दिलेली गोलाई कधी मोडते, कधी ठसते. रंग काढला तर उरेल एक खुंटा. लाकूड काढून रंग कागदावर मांडला तर एक बरा नमुना, बस. टॉयबर-आर्प बाईंना कितीतरी वर्षं 'हस्तकलावाली' म्हणून बाजूला ठेवलं गेलं. १९९५ मध्ये मात्र स्वित्झर्लंडच्या पन्नास फ्रँकच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला.

तुमच्या काळ्या वाडग्यांना हीच कसोटी लावा. काळा रंग काढला तर काही बिघडतं का? बिघडत असेल तर उस्तादांपुढे तो वाडगा निर्धास्त ठेवा. नसेल बिघडत, तर त्यांचं बरोबर आहे.

तंत्राची बाजूही बघायला हवी, कारण लाकडावरचा रंग उडाला तर सगळी चर्चा फोल. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, तेवढं गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. ढोबळमानाने पहिलं दुसऱ्याच्या दुप्पट. म्हणून ओला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो, आणि त्यावर आधीच रंग असेल तर त्याला भेगा पडतात. ओलं लाकूड आधी जाडसर कातून ठेवायचं, भिंत व्यासाच्या साधारण एक दशांश: तीस सेंटिमीटरच्या वाडग्याला तीन सेंटिमीटर. दर आठवड्याला वजन करून आकडा आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर चढवून पुरा करायचा. वाडग्याच्या दोन बाजूंना लाकडाचे तंतू तुटून त्यांची टोकं उघडी पडतात, तिथे लाकूड रंग अधाशासारखं पितं आणि डाग दिसतात. मेण काढलेल्या शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, पातळ हात आत-बाहेर दोन्हीकडे द्या, हलका पॉलिश पेपर मारा, मग ॲक्रेलिक. आधी तेल पाजलेल्या लाकडावर ॲक्रेलिक नीट धरत नाही, ही चूक पुष्कळ जण करतात. आणखी एक करून बघा: बाहेरून रंग देऊन पूर्ण वाळू द्या, मग वाडगा पुन्हा फिरवून धारदार पटाशीने रंगातून बारीक खाचा काढा. खाचेत कोरं लाकूड दिसतं. इथे रंगाचा निर्णय आणि पटाशीचा निर्णय एकमेकांना बांधलेले राहतात. उस्ताद काय म्हणतात ते मला कळवा.

आता त्या एका खोलीबद्दल, कारण तिच्यामुळेही बरंच अर्धवट राहत असणार. पॉलिश पेपरची धूळ ओल्या तेलरंगावर बसते, ती काढता येत नाही. घासायचे आणि रंगवायचे दिवस वेगळेच ठेवा. धुळीसाठी चांगल्या दर्जाचा मास्क हवा, नाकावर बांधलेला रुमाल नाही. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात मोडते. लेथवर चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल, सैल बाही नाही, अंगठी नाही, केस बांधलेले. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. तुमच्या खोलीत ढलप्यांचा ढीग आणि तेलाची फडकी एकत्र आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

याच खोलीची एक जमेची बाजूही आहे. तिन्ही माध्यमांची घड्याळं वेगळी चालतात. तेलरंगाचा थर दिवसांत वाळतो, मातीचं डोकं दोन-तीन आठवड्यांत, जाडसर कातलेला वाडगा काही महिन्यांत. हे सांभाळून आखलं तर एकाची वाट बघताना दुसऱ्यावर काम होतं, आणि वर सांगितलेलं पहिल्या प्रकारचं उठणं सहज जमतं. मात्र कुठलंही नवं काम सुरू करण्याआधी एक जुनं संपवायचं, एवढी अट घाला. आणि वर्षभरात एकदा एकच विषय तिन्हींत करा. ते दारच घ्या. चित्रात दारापलीकडचा अंधार रंगाने येतो, मातीत तिथे खरंच सावली पडते, लेथवर दार येऊच शकत नाही, फक्त तोंड येतं. लेथपाशी तुम्ही जिथे अडाल, तिथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं ते कदाचित सापडेल.

कुणी एकच निवडायला हवं का? काही जणांनी, हो. ज्याने तिन्हींत सहा-सहा महिने काढलेत आणि अजून पटाशीची धार किंवा रंगाचा दाटपणा हातालाच कळत नाही, त्याने एकात तीन-चार वर्षं बसावं असंच मी सांगेन. मनगट किंवा खांदा दुखत असेल, किंवा यंदा कामातून घर चालवायचं असेल, तर निवड परिस्थितीच करते, त्यात कमीपणा नाही. तुमची बारा वर्षं रंगात गेली आहेत, तुमच्या हाताला एक घर आहे. म्हणून तुम्हाला मी एक सोडा म्हणत नाही. फक्त येते तीन महिने लेथ बंद ठेवा आणि त्या एका रागावलेल्या कॅनव्हासच्या सहा बैठका पुऱ्या करा. कंटाळा येईल. त्या तीन महिन्यांत लेथची आठवण कशी येते तेही टिपून ठेवा: लाकडाची येते, की लवकर संपण्याची.

एक काम मात्र तीन महिने थांबणार नाही. तो ओंडका. निर्णय होईपर्यंत हात लावायचा नाही, असं तुम्ही ठरवलंय, पण ओलं लाकूड टोकांकडून झपाट्याने वाळतं आणि तिथूनच चिरतं. आजच दोन्ही कापलेल्या टोकांना मेण वितळवून जाड लावा, नसेल तर घरातला उरलेला ऑइलपेंट दोन-तीन हात द्या. शक्य असेल तर बरोबर मधल्या गाभ्यातून उभा चिरून दोन अर्धी करा, कारण गाभा आत राहिला तर भेग तिथूनच निघते. मग सावलीत, जमिनीपासून थोडं उचलून, वारा लागेल असं ठेवा आणि वर तारीख लिहा.

तुमची,
सदरलेखिका